खिडकीवरची लांब टांगांची माशी: क्रेन फ्लाय ओळखावी कशी, तिचं वर्णन लिहावं कसं

सप्टेंबर लागला की इथे इंग्लंडच्या उत्तरेला, आमच्या यॉर्कशरमध्ये, संध्याकाळी स्वयंपाकघरातला दिवा लावायचा अवकाश, खिडकीच्या काचेवर टकटक सुरू होते. लांबच लांब सहा टांगा, काटकुळं अंग, काचेवर आपटत, खाली घसरत, पुन्हा वर. इथली माणसं तिला ‘डॅडी लाँगलेग्ज’ म्हणतात. साताऱ्याला लहानपणी न्हाणीघराच्या भिंतीवर पावसाळ्यात तिच्याच जातभाई दिसायच्या. तेव्हा आम्ही त्यांना सरसकट ‘मोठा डास’ म्हणायचो आणि लांब पळायचो. ती चावत नाही, डंख मारत नाही, विषारी तर मुळीच नाही. पूर्ण वाढलेली माशी मोजके दिवस जगते आणि त्या दिवसांत फारसं खातही नाही.

तिची जात ओळखायची कशी, हे मी गेली काही वर्षं शिकते आहे. त्यातून एक सवय अंगवळणी पडली, आणि हा सगळा लेख त्या सवयीवरच उभा आहे: आधी जे दिसतं ते लिहायचं, नाव सगळ्यात शेवटी घ्यायचं. नाव आधी डोक्यात बसलं की डोळे त्या नावाला सोयीचं तेवढंच बघतात. मी स्वतः अशी फसले आहे, ते पुढे सांगतेच.

उदाहरणासाठी उत्तर युरोपातल्या गवताळ जागांमध्ये सगळ्यात जास्त आढळणारी जात घेते, टिप्युला पॅल्युडोसा. ती नीट ओळखता आली की बाकीच्यांची वाट सापडते.

आधी घराणं पक्कं करा

लांब टांगा दिसल्या म्हणजे क्रेन फ्लायच, असं नाही. ‘डॅडी लाँगलेग्ज’ हे नाव इथे आठ पायांच्या दोन वेगळ्या जिवांनाही लावतात. त्यातला एक घराच्या कोपऱ्यात जाळं करणारा कोळी. म्हणून पाय आणि पंख आधी मोजा. सहा पाय आणि पंखांची एकच जोडी असेल तरच पुढे जायचं. पंखांच्या मागे दोन्ही बाजूंना टाचणीच्या डोक्यासारखे दोन बारीक गोळे दांड्यांवर उभे दिसतील, ते संतोलक. माशांच्या सगळ्या वर्गात मागच्या पंखांचे असे संतोलक झालेले असतात आणि उडताना तोल त्यांच्यावर सांभाळला जातो. इतर माशांमध्ये ते शोधावे लागतात, क्रेन फ्लायमध्ये नुसत्या डोळ्यांनी दिसतात.

आता पाठ बघा. वक्षाच्या वरच्या बाजूला इंग्रजी व्ही अक्षरासारखी एक खोल रेघ असते. ही रेघ या घराण्याची मुद्रा आहे. डासाला ती नसते. डासाला पुढे लांब सोंड असते आणि त्याच्या पंखांच्या शिरांवर खवले असतात.

एक प्रकार मात्र चांगलाच चकवतो. थंडीच्या दिवसांत दुपारच्या कोवळ्या उन्हात थव्याने नाचणाऱ्या ‘विंटर नॅट’ माशा हुबेहूब लहान क्रेन फ्लायसारख्या दिसतात, पाठीवरची रेघसुद्धा त्यांना असते. त्यांच्या डोक्यावर, दोन मोठ्या डोळ्यांच्या मध्ये, तीन साधे डोळे असतात, ठिपक्यांसारखे. क्रेन फ्लायला ते नसतात. दहापट भिंगाने डोक्याचा माथा एकदा बघितला की शंका मिटते.

क्रेन फ्लायमध्येही दोन मोठी घराणी सतत समोर येतात. टिप्युलिडीतल्या माशा बहुधा मोठ्या, आणि त्यांच्या तोंडाजवळच्या स्पर्शकांचा शेवटचा खंड चाबकासारखा लांब लोंबतो. लिमोनिडीतल्या बहुतेक लहान, आणि त्यांचा तोच खंड आखूड असतो. पंख पसरून बसली की टिप्युलिडी आणि मिटून बसली की लिमोनिडी असा एक ढोबळ नियम लोक सांगतात. घाईत तो कामाला येतो, पण मी नोंद त्याच्या भरवशावर करत नाही.

पकडणं आणि ठेवणं

पाय फार नाजूक. पकडीत सापडला की ती तो मांडीच्या बुडाशी मोडून टाकते आणि निसटते, म्हणून चिमटीत धरू नका. काचेवर बसली असेल तर वरून पारदर्शक डबी ठेवा आणि खालून पोस्टकार्ड सरकवा. गवतात असेल तर जाळी वापरा आणि जाळीतून थेट डबीत घ्या.

फोटो काढून सोडून द्यायची असेल तर डबी दहा-पंधरा मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा, ती सुस्तावते. मग चार फोटो घ्या: वरून, बाजूने, पोटाच्या टोकाचा जवळून आणि डोक्याच्या खालून. चौथा फोटो जवळपास कुणीच काढत नाही, आणि नेमका तोच लागतो.

जात नक्की ठरवायची तर नमुना ठेवावाच लागतो. एका जागेवरून एक नर, एक मादी, बस. मी डबी रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवते आणि मग नमुना सत्तर टक्क्यांच्या अल्कोहोलमध्ये घालते. अल्कोहोलमध्ये रंग हळूहळू फिकट होतात, त्यामुळे रंगांचं टिपण त्याच दिवशी झालं पाहिजे. टाचणीवर वाळवलेल्या नमुन्याचे रंग टिकतात, पण पाय आणि मिशांची टोकं मोडतात. राखीव क्षेत्रात पकडायचं असेल तर परवानगी आधी घ्या.

नाव न घेता वर्णन

इथे घाई करू नका. एका माशीला मला अजूनही तास लागतो. वहीचं एक पान आणि नेहमी एकच क्रम ठेवा: डोकं, मिशा, वक्ष, पंख, पाय, पोट, पोटाचं टोक. क्रम बदलला नाही की काय बघायचं राहिलं ते लगेच कळतं.

लांबी मिलिमीटरमध्ये लिहा आणि कुठून कुठपर्यंत मोजली तेही लिहा. अंगाची लांबी मिशा सोडून, डोक्याच्या पुढच्या टोकापासून पोटाच्या टोकापर्यंत. पंखाची लांबी त्याच्या बुडापासून शेंड्यापर्यंत. आलेखाच्या कागदावर माशी ठेवून वरून फोटो काढला की मोजणीची चूक सहसा होत नाही.

रंग लिहिताना ‘तपकिरी’ एवढंच लिहू नका. आपल्या भाषेत रंगांना केवढी नावं आहेत! मातकट, राखाडी, बदामी, विटकरी, गव्हाळ, धुरकट, चहासारखा. मी पूर्वी इंग्रजीत टिपणं घ्यायचे तेव्हा सगळंच ‘ब्राउन’ होऊन बसायचं. मराठीत लिहायला लागल्यावर तीन तपकिरी छटा तीन शब्दांनी वेगळ्या झाल्या. ओल्या नमुन्याचा रंग आणि कोरड्याचा रंग वेगळा दिसतो, त्यामुळे नमुना कोणत्या अवस्थेत पाहिला तेही टिपा.

माझ्या वहीतलं एक पान असं आहे:

‘मादी. बागेतल्या हिरवळीवर, संध्याकाळी सहा, गवत ओलं. लांबी २३ मिमी, पंख १७ मिमी. डोकं राखाडी, पुढे आखूड चोचीसारखा भाग, त्याच्या वर केसाळ टोक. स्पर्शकांचा शेवटचा खंड लांब, लोंबता. मिशांचे बुडाचे खंड विटकरी, पुढचे काळपट. उजवी मिशी १४ खंड, डावी मिशी १४ खंड. डोळे खालून पाहिल्यास एकमेकांपासून चांगले लांब. वक्ष राखाडी-मातकट, वर फिकट उभे पट्टे. पंखांवर ठिपके नाहीत, पुढची कड चहाच्या रंगाची, तिच्या मागे फिकट पट्टा. पाय बदामी, सांध्यांजवळ काळपट. पोट राखाडी-तपकिरी, फुगीर. टोक निमुळतं, कडक, विटकरी. पंख मागे धरले तर पोटाच्या टोकापर्यंत पोचत नाहीत.’

या पानावर कुठेही नाव नाही. पण किल्ली, म्हणजे एकेका खुणेवरून पायरीपायरीने जातीच्या नावापर्यंत नेणारा तक्ता, हातात घेतली की यातली प्रत्येक ओळ एकेक दार उघडते. पंखांवर ठिपके किंवा नक्षी नाही, म्हणजे टिप्युला मॅक्सिमासारख्या नक्षीदार मोठ्या माशा बाद. अंग पिवळं-काळं चमकदार नाही, म्हणजे नेफ्रोटोमा बाद. पंखाची पुढची कड गडद आणि मागे फिकट पट्टा, म्हणजे आपण टिप्युलाच्या एका छोट्या गटात येऊन पोचलो. खरा प्रश्न त्या गटाच्या आतला आहे.

पॅल्युडोसा की ओलरेसिया?

या गटातल्या दोन बहिणी उत्तर युरोपभर बागांमध्ये आणि कुरणांत एकाच वेळी उडतात. टिप्युला ओलरेसियाला लिनियसने १७५८ मध्ये नाव दिलं, टिप्युला पॅल्युडोसाला माइगेनने १८३० मध्ये. ओलरेसिया म्हणजे भाजीपाल्याची, पॅल्युडोसा म्हणजे दलदलीची. नावांवर जाऊ नका, दोघी दोन्हीकडे भेटतात.

सुरुवात मादीपासून करा, कारण ती सोपी. वर लिहिल्याप्रमाणे पॅल्युडोसाच्या मादीचे पंख पोटापेक्षा आखूड पडतात. ओलरेसियाच्या मादीचे पंख पोटाच्या टोकापलीकडे जातात. अंडी घालून झालेल्या मादीचं पोट आकसतं आणि अंड्यांनी भरलेलं असताना ताणतं. म्हणून पंख जेमतेम टोकाशी येत असतील तर निकाल देऊ नका.

नराच्या बाबतीत हा आधार नाही. तिथे डोक्याच्या खालची बाजू बघायची. माशी उताणी करा, डोकं हळूच वर उचला आणि दोन डोळ्यांमधली जागा पाहा. ओलरेसियाचे डोळे खालून एकमेकांच्या अगदी जवळ आलेले असतात, मध्ये अरुंद फट. पॅल्युडोसात ती जागा ऐसपैस असते. एकट्या नमुन्यावर हे ठरवणं जड जातं, दोन्ही जाती शेजारी ठेवून एकदा बघितलं की पुन्हा विसरत नाही. पहिल्या वर्षी कुणा अनुभवी माणसाकडून दोन पक्के नमुने मिळवा, भिंगापेक्षाही त्यांचा उपयोग जास्त होईल.

आता मिशा. ओलरेसियाच्या मिशीत १३ खंड, पॅल्युडोसाच्या मिशीत १४. ऐकायला किती सोपं! बुडाचा पहिला खंड लांबट, दुसरा आखूड आणि गोलसर, आणि त्यापुढे प्रत्येक खंडाच्या बुडाशी राठ केसांचा झुपका. मोजताना त्या झुपक्यांवर बोट ठेवल्यासारखं पुढे जायचं. शेवटचा खंड फार बारीक असतो, दहापट भिंगात हमखास सुटतो. निदान तीस-चाळीसपट मोठं दाखवणारा मायक्रोस्कोप हवा.

मी फसले ती इथेच. पहिल्या शरद ऋतूत टाचणीवर वाळवलेल्या एका नराच्या मिशीत मी १३ खंड मोजले, ‘ओलरेसिया’ असं लेबल लावलं आणि नोंदही पाठवून दिली. डोळ्यांखालची जागा मी पाहिली होती, ती रुंद होती, पण १३ हा आकडा डोक्यात बसला होता, म्हणून मला ती ‘तशी अरुंदच’ वाटली. पुढच्या हिवाळ्यात पेटी साफ करताना दुसरी मिशी मोजली. १४. पहिलीचं टोक वाळताना मोडलं होतं. तेव्हापासून मी दोन्ही मिशा मोजते आणि दोन्ही आकडे वेगवेगळे लिहिते. तीन खुणांपैकी दोन जुळल्या आणि तिसरी विरोधात गेली तर निकाल थांबवते.

नराचं टोक

मादीचं टोक कडक आणि अणकुचीदार, जमिनीत अंडी खुपसण्यासाठी. लोक त्यालाच नांगी समजून घाबरतात. नराचं टोक बोथट, फुगीर, किंचित वर वळलेलं, गदेसारखं. क्रेन फ्लायच्या बहुसंख्य जातींचा शेवटचा शब्द या गदेतच असतो. तिच्यात मादीला धरून ठेवणाऱ्या पकडी असतात आणि प्रत्येक जातीत त्यांचा घाट वेगळा असतो.

बाहेरून पुरेसं दिसत नसेल तर टोक कापून दहा टक्के पोटॅशिअम हायड्रॉक्साइडमध्ये रात्रभर ठेवतात. मऊ मांस विरघळतं आणि कडक भाग पारदर्शक होऊन उरतो. मग पाण्यात धुवायचं, पाण्यात व्हिनेगरचा एक थेंब टाकायचा आणि ग्लिसरीनच्या थेंबात ठेवून मायक्रोस्कोपखाली बघायचं. हे द्रावण कातडी आणि डोळे जाळतं. हातमोजे, चष्मा आणि मुलांपासून लांब, यात सूट नाही. काम झालं की टोक छोट्या नळीत ग्लिसरीनमध्ये घालून त्याच नमुन्याच्या टाचणीला लावा. टोक एकीकडे आणि अंग दुसरीकडे गेलं की दोन्ही निकामी.

चित्र काढा. कितीही वाईट येवो. फोटोत सगळं येतं, चित्रात तुम्ही पाहिलेलं येतं. पकडीवरचा एखादा दात काढताना हात थांबला, तर तो दात अजून नीट पाहिलेला नाही हे लगेच समजतं.

ऋतू, जागा आणि अळी

पॅल्युडोसाची वर्षाला एकच पिढी, ऑगस्टच्या शेवटापासून सप्टेंबरभर. ओलरेसियाच्या साधारण दोन, एक वसंताच्या शेवटी आणि एक शरदात. त्यामुळे मे महिन्यात या गटातली माशी सापडली तर ओलरेसियाचा संशय रास्त. सप्टेंबरमध्ये तारखेवरून काहीच ठरत नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये याच गटातली तिसरी जातही उडते, टिप्युला सबकंक्टन्स, म्हणून उशिराच्या नमुन्यांची किल्ली पुन्हा पहिल्यापासून चालवा.

माशी काही दिवसांची, अळी मात्र जवळपास वर्षभराची. राखाडी, चिवट, बिनपायांची ही अळी जमिनीत गवताची मुळं खाते. कातडं चामड्यासारखं, म्हणून तिला इथे ‘लेदरजॅकेट’ म्हणतात. मागच्या टोकाला श्वासाची दोन छिद्रं आणि त्यांच्याभोवती सहा मांसल बोटं, फुलासारखी. आपल्या क्रिकेटवेड्या वाचकांसाठी सांगते, १९३५ मध्ये लॉर्ड्सच्या मैदानावर याच अळ्यांनी गवताचा फडशा पाडला होता. मैदानाच्या कामगारांनी त्या हजारोंनी गोळा करून जाळल्या. त्या उघड्या पडलेल्या खेळपट्टीवर दक्षिण आफ्रिकेच्या झेन बलास्कासच्या लेगस्पिनने नऊ बळी घेतले आणि दक्षिण आफ्रिकेने इंग्लंडमधली आपली पहिली कसोटी जिंकली.

तरी या अळीकडे फक्त कीड म्हणून बघणं मला पटत नाही. उत्तरेकडच्या पीटच्या, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या ओल्या काळ्या थराच्या, माळांवर मे महिन्याच्या शेवटी टिप्युला सबनोडिकॉर्निस ही दुसरी जात बाहेर पडते. नावाचा अर्थ किंचित गाठाळ मिशांची. डरहॅम विद्यापीठाच्या जॉन कूल्सन यांनी पेनाइन डोंगरातल्या मूर हाउस इथे तिचा बारकाईने अभ्यास केला. थोड्याच दिवसांत सगळ्याच्या सगळ्या माशा एकदम वर येतात, आणि नेमक्या त्याच वेळी गोल्डन प्लोव्हर या पक्ष्याची पिल्लं अंड्यांतून बाहेर पडलेली असतात. पिल्लांचं पोट या माशांवर भरतं. पीक डिस्ट्रिक्टमधल्या अभ्यासात दिसलं की ऑगस्ट कडक तापला की पीटचा वरचा थर वाळतो, कोवळ्या अळ्या मरतात आणि पुढच्या वसंतात माशा कमी होतात. त्याचा फटका नंतर पक्ष्यांच्या संख्येला बसतो. आपल्या कोकण किनाऱ्यावर हिवाळ्यात येणारा पॅसिफिक गोल्डन प्लोव्हर याच पक्ष्याचा जवळचा नातलग. एखाद्या माळावर कोणती जात, किती तारखेला, किती संख्येने दिसली, ही तुमच्या वहीतली ओळ म्हणूनच मोलाची आहे.

नाव, नोंद, लेबल

आता नाव घ्या. पूर्ण नाव असं: टिप्युला पॅल्युडोसा माइगेन, १८३०. माइगेनच्या नावाला कंस नाही, कारण त्याने जी प्रजाती, म्हणजे नावातला ‘टिप्युला’ हा पहिला शब्द, दिली तीच आजही कायम आहे. पुढे कुणी जात दुसऱ्या प्रजातीत हलवली असती तर मूळ लेखकाचं नाव कंसात गेलं असतं. एवढ्या एका खुणेत इतिहास दडलेला असतो.

किल्लीत काहीच बसलं नाही तर? युरोपात नवी जात हाती लागली असं लगेच समजू नका, आपलीच पायरी बहुधा चुकलेली असते. भारतात मात्र वाव मोठा आहे. एन्रिको ब्रुनेटी यांनी १९१२ मध्ये भारतातल्या या माशांचा मोठा ग्रंथ केला. त्यानंतर अमेरिकेतल्या ॲम्हर्स्टचे चार्ल्स अलेक्झांडर यांनी एका आयुष्यात जगभरच्या ११,०००हून अधिक क्रेन फ्लायना नावं दिली, त्यात भारतातल्या जातीही आहेत. पश्चिम घाटात काही वेगळं सापडलं तर आधी ही जुनी वर्णनं आणि संग्रहालयातले मूळ नमुने यांच्याशी ताडून पाहावं लागतं. त्यानंतरच एक नमुना आधार म्हणून निवडून तो सार्वजनिक संग्रहात ठेवतात आणि वर्णन छापतात.

नोंदीत चार गोष्टी चुकवायच्या नाहीत: काय, कुठे, कधी, कुणी. ब्रिटनमध्ये जागा ग्रिड संदर्भाने, म्हणजे नकाशावरच्या चौकटींच्या क्रमांकाने, देतात आणि नोंद आयरेकॉर्ड या संकेतस्थळावर किंवा क्रेन फ्लाय रेकॉर्डिंग स्कीमकडे जाते. नर की मादी आणि नाव कोणत्या खुणांवरून ठरवलं, हेही जोडा. लेबलवर महिना रोमन आकड्यात लिहितात, म्हणजे दिवस आणि महिना यांची अदलाबदल होत नाही. कागद जाड, शाई पाण्याने आणि अल्कोहोलने न पसरणारी. पेन्सिलही उत्तम.

आणि नाव चुकलं असं नंतर कळलं तर जुनं लेबल फाडू नका. माझ्या पेटीत त्या पहिल्या नराच्या टाचणीवर ‘ओलरेसिया’ अजून तसंच आहे. त्याच्या खाली दुसरं लेबल आहे: ‘पॅल्युडोसा, डावी मिशी १४ खंड, उजवीचं टोक मोडलेलं, डोळे खालून दूर’, आणि ज्या वर्षी पुन्हा तपासलं ते साल.